पावसात नाल निसटली: घोडीला परत नाल मारू की बिननालेची ठेवू?

काठावरचा_शेतकरी

नमस्कार मंडळी. करवीर तालुक्यात पंचगंगेच्या काठाला आमचं गाव. दावणीला एक कुमैत घोडी आहे, आठ वर्षांची. काठेवाडी रक्ताची म्हणून दिली, कागदबिगद काही नाही. शर्यतीला नाही, वरातीला नाही. सकाळची रपेट, यात्रेत पालखीपुढं चालणं आणि भावकीतल्या पोरांची हौस, एवढंच तिचं काम.

परवा मळ्याच्या वाटेला काळ्या चिखलात पुढच्या डाव्या पायाची नाल निसटली आणि जाताना खुराच्या कडेचा चांगला टवका घेऊन गेली. बाकीच्या तीन ढिल्याच होत्या, त्या काढून घेतल्या. आमचे नालबंद म्हणतात, त्या टवक्याच्या जागी आता खिळा धरणार नाही, महिना-दीड महिना थांबा. आमचे आबा म्हणतात, बिननालेचं जनावर रस्त्यावर काढायचं नसतं, दुसरा नालबंद बघ. आणि पुण्यात घोडेस्वारी शिकणारा एक मित्र आहे, तो म्हणतो आता जगात कुणी नाल मारतच नाही.

घोडी मळ्यातल्या मातीत झकास चालते, दुडकीसुद्धा धरते. पण घर ते मळा निम्मी वाट डांबरी, त्यात पावसानं खडी उघडी पडलेली. तिथं आली की पाय जपून टाकते, कडेच्या गवतात शिरायला बघते. काय करू? ज्यांनी स्वतः घोडं पाळलंय त्यांनी सांगा.

पांढरा_रस्सा

माझ्याकडं बुलेट आहे, तिला टायर आहेत. तरी वाचतोय, चालू द्या.

नालबंदाचा_नातू

दादा, तुमच्या नालबंदानं बरोबर सांगितलंय. दुसरा शोधू नका, तो तिथंच खिळा मारून देईल आणि मग घोडी खरी लंगडी होईल. मी आता एमआयडीसीत कामाला आहे, पण सुट्टीच्या दिवशी अजून चाचांच्या हाताखाली असतो.

खूर उलटा धरून बघा. बाहेरची कड कडक असते, तिच्या आतून एक फिकट पिवळसर रेघ गोल फिरते. रेघेच्या बाहेर मेलेलं नख, आत जिता पाय. खिळा बाहेरच्या बाहेर वर चढायला पाहिजे. म्हणून तर नालेच्या खिळ्याचं टोक एका अंगानं तासलेलं असतं आणि डोक्यावर त्याच अंगाला खूण असते. खुणेचं अंग आत धरलं की खिळा वर जाता जाता आपोआप बाहेर वळतो आणि इंचभराच्या आत भिंतीतून तोंड काढतो. मग टोक पिळून तोडायचं, उरलेलं वाकवून बसवायचं, वरनं कानस. उलटा धरला तर थेट आत.

आमचे चाचा हे काम कानानं करतात. कडक नखातनं जाताना हातोडीचा आवाज टणटणीत येतो, मऊ जागेत गेला की आवाज बसतो. आवाज बसला की खिळा तिथल्या तिथं उपसायचा, पुढं रेटायचा नाही. तुमच्या घोडीची तिथं भिंतच उडालीय म्हटल्यावर खिळा रेघेच्या आत सरकवण्याशिवाय गत्यंतर नाही. खूर महिन्याला सहा ते दहा मिलिमीटर वाढतो. तेवढा तरी येऊ द्या.

पण थांबा म्हणजे कायमची काढा असं मी म्हणत नाही. रोज डांबरावर चालणाऱ्या घोड्याला नाल पाहिजे, हे माझं मत आहे.

रविवारचा_स्वार

मी शहरात एका क्लबात शिकते, स्वतःचं घोडं नाही, तरी लिहिते. टोकियो ऑलिंपिक आठवतंय का? 2021 मध्ये झालेलं. तिथं स्वीडनच्या संघानं शो-जंपिंगचं सांघिक सुवर्ण घेतलं, आणि त्या संघात बिननालेचे घोडे होते. पेडर फ्रेडरिक्सनच्या ऑल इन या घोड्यानं तर वैयक्तिक रौप्यही मिळवलं, तोही बिननालेचाच. दीड मीटरहून उंच अडथळे मारून ते खाली येत होते. तेव्हा "नालेशिवाय जमतच नाही" हे काही पटत नाही.

खूर जमिनीवर टेकतो तेव्हा टाचेकडून किंचित फाकतो, उचलला की परत आवळतो. तळव्याच्या मधला तो मऊ तिकोनी भाग, ज्याला फ्रॉग म्हणतात, तो दाबला जातो आणि धक्का शोषला जातो. लोखंडाची कड ठोकली की हे सगळं कमी होतं.

तीन_दरवाजा

ताई, त्या घोड्यांना रिंगणात खास तयार केलेली वाळू असते. आमच्याकडं पन्हाळ्यावर या एकदा. गडावर जांभा. जांभ्यावर खूर कानस फिरवल्यागत झिजतो. शनिवार-रविवारी आणि सुट्टीत दिवसभर पर्यटकांच्या फेऱ्या, मध्ये डांबर, मध्ये फरशी. महिन्याला नातू म्हणतोय तसा दहा मिलिमीटर वाढतो म्हणा, आमचा त्याच्यापेक्षा जास्त झिजतो. हा साधा हिशेब आहे. वाढ जास्त असेल तर नाल नको, झीज जास्त असेल तर पाहिजे. यात ऑलिंपिक कुठं आलं?

आता दुसरी बाजू पण सांगतो, खोटं कशाला बोलू. ओल्या डांबरावर आणि गुळगुळीत फरशीवर लोखंडी नाल घसरते. उघडा खूर तिथं जास्त धरतो. पावसात उताराला आम्ही बसणाऱ्याला खाली उतरवतो आणि लगाम धरून चालतो. माथेरानला पेव्हर ब्लॉकवर घोडे घसरतात म्हणून तिथले घोडेवाले सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते, ते उगाच नाही.

नालबंदाचा_नातू

@रविवारचा_स्वार ताई, टाच फाकते हे आम्हाला पण माहीत आहे. म्हणूनच खुराच्या सगळ्यात रुंद जागेच्या मागं खिळा मारायचा नसतो. पुढचा भाग जखडायचा, टाच मोकळी ठेवायची. टाचेपर्यंत खिळे मारलेले दिसले तर तो नालबंद नाही, ठोक्या आहे.

दख्खनी_तट्टू

दिवाळीनंतर आमच्या रानात खतासाठी मेंढरं बसवतो. धनगरांचा तळ पडला की मी आधी त्यांची घोडी बघायला जातो. सगळं बिऱ्हाड पाठीवर, वर कोंबड्या, एखादं कोकरू, कधी लहान पोर. एकाच्याही पायाला मी नाल बघितली नाही. खूर आखूड, गोल, टाच रुंद, कडा आपोआप घासून गुळगुळीत झालेल्या. भीमथडी ती हीच. आता देशी वाण म्हणून तिची अधिकृत नोंद झालीय, पण मराठ्यांच्या फौजेचा भार या जातीनं वाहिला तेव्हा कुणी नोंद करायला आलं नव्हतं.

शिंगरू असल्यापासून रोज चालतंय, कधी मुरूम, कधी माती, कधी घाटातला दगड. त्याचा पाय तसाच घडतो. तुमची घोडी तेवीस तास दावणीला उभी आणि एक तास डांबरावर. मग पाय मऊच राहणार आणि तुम्ही म्हणणार नालेशिवाय चालत नाही.

तीन_दरवाजा

ती तट्टं लहान असतात, वजनाला हलकी आणि चालीनं चालतात. तुम्ही ऐंशी किलोचा माणूस बसवून डांबरावर दुडकी धरा, मग सांगा. बाकी दावणीचा मुद्दा मान्य.

शनिवार_पेठ

विषयाला सोडून विचारतोय. काढलेल्या नाला विकायच्या आहेत का? काळ्या घोड्याची असेल तर जास्त चांगलं. आईनं शनीसाठी सांगितलंय.

काठावरचा_शेतकरी

@शनिवार_पेठ घोडी कुमैत आहे, काळी नाही. चालत असेल तर येऊन न्या, पैसे नकोत.

पांढरा_रस्सा

एक नाल चिखलात आहे म्हणे. साडेसाती तिथं गाडलीय, उकरू नका.

ढोरांचा_डॉक्टर

मी सरकारी दवाखान्यात पशुवैद्य आहे. घोडी बघितल्याशिवाय औषध सांगणार नाही, पण नाल की बिननाल हे ठरवण्याआधी मला काही गोष्टी कळायला हव्यात.

खुराच्या भिंतीवर आडव्या वळ्या दिसतात का? दिसत असतील तर पुढच्या बाजूला आणि टाचेकडे त्यांच्यातलं अंतर सारखं आहे का? खडीवर चारही पाय जपते की फक्त पुढचे? तळवा आत खोलगट आहे की सपाट? फ्रॉगच्या बाजूच्या खाचांत काळं, घाण वासाचं काही निघतं का? आणि चंदी काय घालता, तेही सगळं लिहा. सगळं म्हणजे सगळं.

काठावरचा_शेतकरी

डॉक्टर, आत्ता बॅटरी घेऊन बघून आलो. वळ्या आहेत, पुढच्या दोन्ही पायांना ठळक. टाचेकडं दोन वळ्यांत बोट बसेल एवढं अंतर, समोर त्याच वळ्या एकमेकींना चिकटल्यागत. जपते ती पुढच्याच पायांनी. तळवा सपाट म्हणावा लागेल. डाव्या पायाच्या खाचेत काळं आहे आणि वास येतो, पण पावसाळ्यात तो नेहमीच येतो.

चंदी: सकाळ-संध्याकाळ हरभऱ्याचा भरडा, त्यात गव्हाचा कोंडा. वैरण म्हणाल तर उसाचं वाढं, कडबा, आणि आता बांधाचं ओलं गवत. गूळ आबा स्वतःच्या हातानं देतात, दोन्ही वेळेला एक खडा. खडा म्हणजे मूठभर. गुऱ्हाळ चालू असलं की काकवीपण मिळते तिला. आमच्यात घोड्याला गूळ न घालणं म्हणजे पाहुण्याला नुसता चहा देण्यासारखं आहे.

ढोरांचा_डॉक्टर

वाटलंच होतं. आता जरा सविस्तर लिहितो.

वळ्या सगळ्याच घोड्यांना थोड्याफार असतात, चारा बदलला तरी येतात. पण टाचेकडं फाकलेल्या आणि समोर आवळलेल्या वळ्या म्हणजे समोरची वाढ मागच्यापेक्षा हळू झालीय. जुन्या लॅमिनायटिसची ही ओळखीची खूण. खुराच्या आत हाड आणि भिंत यांना जोडणारे पापुद्रे असतात, त्यांना सूज येते. घोड्याचं साठ टक्क्यांच्या आसपास वजन पुढच्या पायांवर असतं, म्हणून आधी ते दुखतात. समोरच्या भिंतीला वरून खाली पूर्ण नवी व्हायला नऊ महिने ते वर्ष लागतं. म्हणजे तुम्हाला आज दिसतंय ते गेल्या हंगामाचं दप्तर आहे. गुऱ्हाळ, काकवी आणि भरडा यांचं.

साखर आणि पिष्ट जास्त झालं की हा आजार होतो. काही घोड्यांत मुळातच इन्शुलिनचा बिघाड असतो, त्यांना तर थोडंसंही पुरतं. नाल होती तोवर तळवा जमिनीपासून वर उचललेला होता, म्हणून दुखणं झाकलं गेलं. नाल गेली आणि ते उघडं पडलं. "नाल काढल्यामुळं घोडी जपून चालते" हे वरवर खरं आहे, पण मूळ कारण वेगळं असण्याची दाट शक्यता आहे.

गूळ आणि काकवी आजपासून पूर्ण बंद. आबांना माझं नाव सांगा. भरडा बराच खाली आणा. मुख्य वैरण कडबा आणि वाळलेलं गवत असू द्या. वाढं नेहमीचं ठेवू नका. त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम अडवतं, आणि गव्हाच्या कोंड्यात फॉस्फरस भरपूर, म्हणजे हाडाचं गणित दोन्हीकडून बिघडतं. खाचेतलं काळं हा ओल्या, घाणेरड्या जागेचा संसर्ग आहे. रोज खूर उकरून साफ करा, पोव्हिडोन आयोडीन पातळ करून लावा आणि मुख्य म्हणजे उभं राहायची जागा कोरडी करा. जागा ओलीच राहिली तर औषध कितीही ओता. धनुर्वाताची लस झाली नसेल तर करून घ्या, घोडा या रोगाला फार हळवा असतो.

आणि एक नीट ऐका. घोडी पुढचे पाय समोर ताणून, भार मागं टाकून उभी राहिली, खूर गरम लागला, खुराच्या वर मागच्या बाजूला नाडी ठणठण उडताना हाताला लागली, तर रपेट, फिरवणं सगळं बंद करून लगेच डॉक्टर बोलवा. "चालवली की मोकळी होते" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

शक्य असेल तर पुढच्या दोन्ही खुरांचा बाजूनं एक्स-रे काढून घ्या. आतलं हाड फिरलंय का आणि तळवा किती जाड आहे ते त्यात दिसतं. फिरलं असेल तर कदाचित नालच लागेल, पण आधार देणारी, वेगळ्या घडणीची. ते बघून ठरवू.

रविवारचा_स्वार

डॉक्टर, क्लबातल्या एका घोड्याला अशाच वळ्या आहेत. उद्याच दाखवते. आणि हो, मी नुसत्या नालेला दोष देत होते, चंदीचा विचार मनात आलाच नव्हता.

नालबंदाचा_नातू

डॉक्टरांच्या पुढं बोलायचं नाही, पण आमच्या बाजूचं एक सांगतो. अशा घोडीचा तळवा मुळातच पातळ झालेला असतो. त्यात मालकांना सवय अशी की तळवा खरवडून पांढराशुभ्र दिसला पाहिजे, तरच काम झाल्यासारखं वाटतं. चाचांचं यावरून कित्येकांशी वाजलंय. तळव्याला सुरी लावायचीच नाही, नुसतं सुटलेलं भुसभुशीत निघतंय तेवढं काढायचं. बाकी काम कडेला. बिननालेची ठेवायची तर भिंतीची बाहेरची धार कानशीनं गोल करून घ्यायची. धार तशीच ठेवली तर खडीला लागून परत टवके उडणार, आधी जुन्या खिळ्यांच्या भोकांपासून.

आता खरी मेख इथं आहे. नाल काढली की लोक नालबंदाला बोलवायचं बंद करतात. "खूर वाढू दे की, नाल तर नाही." तीन महिन्यांनी बोलवतात तेव्हा पुढचा भाग पुढं लोटलेला, टाच आत दबलेली, भिंत फाटलेली. मग म्हणतात बघा, बिननालेचं जमत नाही. नाल असो नसो, चार ते सहा आठवड्यांनी कानस लागली पाहिजे. नुसत्या कानशीचे पैसे द्यायला मात्र कुणाचा हात खिशात जात नाही. "लोखंड तर काय वापरलं नाही" म्हणतात. पाठ वाकवून घोडीचा पाय मांडीवर आम्हीच धरलेला असतो ना?

शिवाय गळीत हंगाम सुरू झाला की आमची माणसं कारखान्यांच्या तळावर बैलांच्या पत्र्या मारायला जातात. बैलाच्या खुराला दोन फाळ्या, म्हणजे एका बैलाला आठ पत्र्या, आणि तळावर बैलं किती ते तुम्हाला माहीत आहे. तेव्हा एका घोडीसाठी नदीकाठाला कुणी येणार नाही. वार आत्ताच ठरवून ठेवा.

दख्खनी_तट्टू

पावसाळ्यात नाल काढून बघणं हा तसा उलटाच मुहूर्त. ओला खूर मऊ होतो, दगड जास्त टोचतो. आमच्या भागातले जाणते लोक पावसाळा सरता सरता, रान वाफशावर आल्यावर नाल काढतात. तुमची आपोआपच निघाली, त्याला इलाज नाही. पण खडीवर जपते म्हणून आत्ताच कायमचा निकाल लावू नका, जमीन वाळू द्या.

काठावरचा_शेतकरी

सगळ्यांचे आभार. कालपासून बरंच झालं. तालुक्याचे डॉक्टर येऊन बघून गेले. नाडी आत्ता शांत आहे, खूर गरम नाही, म्हणजे ताजा झटका नाही. जुनाच आहे म्हणाले. एक्स-रेवाले पुढच्या आठवड्यात येतील. दावणीखाली मुरूम टाकून उंच केलंय, गोमूत्राला उतार काढलाय.

गुळावरून घरात महाभारत झालं. आबा म्हणाले, साठ वर्षं घोडी पाळली, कुणाला काही झालं नाही. मग मी त्यांना खाली बसवून वळ्या दाखवल्या. बोट फिरवून बघितलं, काही बोलले नाहीत. संध्याकाळी मुठीत गाजर होतं.

नालेचं असं ठरवलंय. एक्स-रे येईपर्यंत चारही पाय उघडे. मळ्यात, मातीवर चालवणार, पाठीवर कुणी नाही. मागचे पाय बहुतेक कायमचेच बिननालेचे राहतील, त्यांना काही त्रास नाही. पुढच्यांचं टवका भरून आल्यावर आणि फोटो बघून. दसऱ्याला मिरवणुकीत न्यायचं होतं, ते यंदा रद्द. नालबंद चाचांना पाच आठवड्यांनी यायचं सांगितलंय, नाल मारो न मारो पैसे ठरलेले.

एकच शंका राहिली. डांबराच्या तुकड्यापुरते घोड्याचे रबरी बूट मिळतात म्हणे. ते कुणी वापरलेत का? मापाचं कसं करायचं?

तीन_दरवाजा

आमच्याकडं एकानं मागवले होते. जांभ्यावर बरे टिकले, पण चिखलात एक गेला तो गेलाच. तुमच्या मळ्याच्या वाटेला डांबर संपलं की काढून खांद्यावर टाका. दिवसभर घालून ठेवू नका, आत ओल आणि खडा राहिला तर कातडं सोलतं.

नालबंदाचा_नातू

माप कानस मारल्यावर त्याच दिवशी घ्यायचं, वाढलेल्या खुराचं घेतलं तर बूट पायात फिरतो. खूर उलटा धरून दोन मापं: सगळ्यात रुंद जागेची रुंदी, आणि समोरच्या टोकापासून टाचेच्या शेवटच्या टेकणाऱ्या जागेपर्यंतची लांबी. मिलिमीटरमध्ये लिहा, पट्टी लोखंडी वापरा, शिंप्याची टेप नको. पुढचे दोन्ही पाय वेगवेगळे मोजा, डावा-उजवा सारखा क्वचितच असतो. मागचा खूर पुढच्यापेक्षा निमुळता असतो, तिथलं माप पुढं चालत नाही. आणि डाव्या पायाचा टवका भरेपर्यंत मागवूच नका, तिथली रुंदी बदलणार आहे.

शनिवार_पेठ

नाला न्यायला रविवारी आलो तर चालेल का? तीनच आहेत ना?